घोडीला गाईचा हिशेब

घोडीच्या बाबतीत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या सगळ्यांचं मूळ आमच्या गोठ्यात आहे. तीन पिढ्या घरात गाई-म्हशी. गाय माजावर आली की तिच्या हंबरण्यावरून कळतं, सोट पाहून रेतनाची वेळ ठरते, आणि व्यायला किती अवकाश आहे ते आबा नुसता शेपटीच्या मुळाशी हात फिरवून सांगायचे. या जाणतेपणावर आमचा इतका भरवसा होता की घोडी घेतली तेव्हा तिच्याबद्दल कुणाला काही वेगळं विचारावं, असं मनातसुद्धा आलं नाही. चार पायांचं जनावर, पोटात वाढवतं, अंगावर पाजतं. एवढं सारखं असल्यावर फरक तो काय असणार!

फरक पायापासून होता. तो कळेपर्यंत जे भोगलं ते घोडीने भोगलं, म्हणून हे लिहितो आहे. आमच्या शहादा तालुक्यात आणि आसपास हल्ली शिंगराच्या आशेने घोडी बांधणारे शेतकरी वाढले आहेत, आणि त्यांतले बहुतेक माझ्यासारखे गोठ्यातूनच पागेकडे वळलेले आहेत.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे नुकरे, नाना प्रकारची जनावरं येतात. आमची घोडी तिथलीच. रंग कुमैत, कपाळावर टिळा, चारही पाय पांढरे, म्हणजे पंचकल्याणी. आम्ही रेवाल चाल पाहिली, भोवरे मोजले, कुठला भोवरा शुभ आणि कुठला खोडीचा यावर बाजारातल्या जाणत्यांशी बराच वेळ बोललो. दातांवरून वय दहा-अकरा ठरलं. विकणारा म्हणाला, ‘कोरी आहे, एकदाही व्यालेली नाही.’ मला तो गुण वाटला.

आज कुणी असं सांगितलं तर मी तिथेच थांबेन आणि विचारेन: भरवलीच नव्हती, की भरवून राहिली नव्हती? घोडीचा पहिला गर्भ जितका उशिरा, तितकं अवघड. वय झालेल्या कोऱ्या घोडीचं गर्भाशयाचं तोंड माजातही पुरतं सैल होत नाही. घोड्याचं वीर्य थेट गर्भाशयात पडतं आणि त्यामुळे आत थोडा दाह होतोच. निरोगी घोडी दोन दिवसांत ते सगळं बाहेर टाकते. वय झालेल्या कोऱ्या घोडीच्या आत मात्र पाणी साचून राहतं आणि गर्भ धरत नाही.

दुसरं, मी शेपटी उचलून पाहिलं नाही. भोवरे मोजणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं. घोडीचं निरण जवळजवळ उभं असावं, ओठ एकमेकांना घट्ट मिटलेले असावेत. वय वाढलं, अंग उतरलं की गुदद्वार आत ओढलं जातं आणि निरणाचा वरचा भाग आडवा पडतो. मग लीद त्यावरून घसरते, ओठांच्या फटीतून हवा आत शिरते, आणि हवेबरोबर घाण. आमची घोडी दुडकी धावताना मागून हलका फसफस आवाज यायचा. महिनोन्महिने तो आवाज ऐकूनही त्याचा अर्थ आम्हाला लागला नाही. पुढे डॉक्टरांनी वरच्या बाजूला चार टाके घालून ती फट मिटवली. काम थोड्या वेळाचंच होतं.

बाजारातून घोडी आणली ती मार्गशीर्षात, आणि पौषापासूनच आम्ही तिच्या माजाची वाट पाहू लागलो. गाय बारा महिने दर एकवीस दिवसांनी माजावर येते, तोच हिशेब. घोडीचं घड्याळ सूर्यावर चालतं. दिवस लहान झाले की तिची अंडाशयं झोपी जातात, आणि दिवस वाढू लागले की हळूहळू जागी होतात. आमच्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा आणि जूनमध्ये साडेतेरा तासांच्या आसपास. थंड देशांपेक्षा हा फरक कमी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या काही घोड्या हिवाळ्यातही माजावर येतात; पण खरा हंगाम फाल्गुनापासूनच. शर्यतीच्या घोड्यांचे पैदासकार हिवाळ्यात रात्री दिवे लावून दिवस सोळा तासांचा करतात, ते घोडीने लवकर जागं व्हावं म्हणूनच.

माघात घोडी एकदाची माजावर आली आणि उतरेचना. आठवडा गेला, दोन गेले, तरी शेपटी वर. आम्ही हरखलो. लागोपाठ भरवून आणली, काही उपयोग झाला नाही. हंगामाच्या तोंडावरचा हा लांबट माज फसवा असतो. अंडाशयावर फोड येतात आणि जिरतात, अंडं सुटतच नाही. एकदा पहिलं अंडं सुटलं की मग चक्र बसतं: साधारण एकवीस-बावीस दिवसांचं, त्यात पाच ते सात दिवस माज.

चक्र बसल्यावरही आमचं चुकलंच. गाईचा माज बारा-अठरा तासांचा, म्हणून सकाळी दिसला की संध्याकाळी रेतन, हा आमच्या हाडात मुरलेला नियम. घोडी माजावर दिसली की त्याच दिवशी आम्ही तिला टेम्पोत चढवायचो आणि एकदा भरवून मोकळे व्हायचो. गाईचं अंडं माज संपल्यावर सुटतं. घोडीचं माज चालू असतानाच, संपायच्या एक-दोन दिवस आधी. सुटलेलं अंडं जेमतेम अर्धा दिवस टिकतं आणि घोड्याचं बीज आत सर्वसाधारणपणे दोन दिवस जिवंत राहतं. पहिल्या दिवशी पडलेलं बीज पाचव्या-सहाव्या दिवशीच्या अंड्याला काय भेटणार? तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, घोडी नाकारू लागेपर्यंत भरवायचं, हा साधा मार्ग. डॉक्टर तपासायला येत असतील तर फोडाचा आकार पाहून एकदाच नेलं तरी भागतं.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. ज्या घोड्याकडे आम्ही जात होतो, त्याला महिनाभर आधी जोराचा ताप येऊन गेला होता. घोडा दिसायला ठणठणीत, चंदी भरपूर खाणारा, त्यामुळे मालकाला ते सांगावंसं वाटलं नाही आणि मी विचारलं नाही. घोड्याचं बीज तयार व्हायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात. आजच्या तापाची झळ पुढच्या दोन महिन्यांच्या बीजाला बसते. आता भरवण्याआधी घोड्याची तब्येत विचारतो, आणि दोन्ही जनावरांच्या रक्ताची ग्लँडर्सची तपासणी झाली आहे का तेही विचारतो. हा रोग माणसालाही होतो, आणि निघालं तर कायद्याने जनावर ठेवता येत नाही.

पण त्या हंगामातली जी गोष्ट आठवली की आजही मला स्वतःचा राग येतो, ती वेगळीच. एका फेरीला घोडीचा माज उतरत आला होता. आम्ही लांबून आलो होतो, टेम्पोचं भाडं भरलं होतं, घोड्याच्या मालकाचा दुसऱ्या दिवशी गावाला जायचा बेत होता. घोडी कान पाठीमागे चिकटवून उभी, घोडा जवळ आला की किंचाळायची, मागचा पाय झाडायची. आम्ही चौघांनी तिच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ घातला, मागचे पाय बांधले आणि काम उरकून घेतलं. ती घामाने निथळत होती, पोटऱ्या थरथरत होत्या. तिने स्वच्छ नाही म्हटलं होतं, आणि आम्ही त्याला तिची खोड म्हणालो. गर्भ राहायचा प्रश्नच नव्हता. माज सरल्यावर अंडं कुठून येणार? उलट पुढे कितीतरी दिवस टेम्पोचं फळकुट पडल्याचा आवाज आला की ती मागे सरायची.

हे सगळं ज्यांनी मला नीट दाखवलं, ते एक म्हातारे मोतद्दार. काठियावाडी घोड्यांत आयुष्य गेलेलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पुढच्या वर्षी घोडी त्यांच्याकडे नेली तेव्हा त्यांनी आधी तिला पाणी पाजलं, तासभर सावलीत उभी केली, आणि मग जाड बांबूच्या आडोशापलीकडे घोडा आणला. घोडा सरळ तिच्या मागे नाही, तोंडासमोर. दोघांनी नाकपुड्या फुगवून एकमेकांचा श्वास घेतला. घोड्याने तिची मान हुंगली, मग कूस, आणि वरचा ओठ मुडपून मान आभाळाकडे केली. घोडी ताठ झाली, कान मागे गेले. चाचा म्हणाले, ‘भाऊ, ही नाही म्हणतेय. आज राहू द्या.’ घोडी तिथेच ठेवली. तिसऱ्या दिवशी त्याच बांबूपाशी ती स्वतः वळून पाठ देऊन उभी राहिली. मागचे पाय फाकवले, शेपटी बाजूला टाकली, थेंब-थेंब लघवी केली, आणि निरण उघडझाप करू लागलं. डोळे मऊ, कान सैल. ‘आता बघा,’ चाचा म्हणाले, ‘दोर लागणार नाही.’ आणि लागला नाही.

घोडा खिंकाळला म्हणून त्याला चाबूक मारणारे मालक मी बरेच पाहिले आहेत. चाचा कधी मारत नसत. भरवायच्या वेळी मार खाल्लेला घोडा पुढे घोडी पाहूनच बिचकतो, नाहीतर उलटून चावरा होतो, असं ते सांगायचे. भरवताना त्यांची नजर घोड्याच्या शेपटीवर असायची. शेपटीचा दांडा लयीत वरखाली हलला की काम झालं. नुसतं चढून उतरला तर ते धरायचं नाही.

चैत्रातला तो गर्भ राहिला. आम्हाला तो कसा कळला? घोडी पुन्हा माजावर आली नाही यावरून. गाय उलटली नाही म्हणजे गाभण, असं आम्ही धरून चालतो. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घ्या म्हणून निरोप पाठवला होता. यंत्र तालुक्याच्या पलीकडे होतं, आणि मी म्हटलं, गाभण आहे हे तर दिसतंच आहे, पैसे कशाला घालवायचे?

मार्गशीर्ष लागला तेव्हा घोडीला आठवा महिना चालू होता, आणि तिची कास भरू लागली. सडांतून दूध टपकायला लागलं. घरात आनंद झाला. आईने देवापुढे नारळ ठेवला. घोडीला अकरा महिने लागतात हे मला ठाऊक होतं, पण गाईच्या सवयीने मी समजूत करून घेतली की चांगल्या दुधाचं जनावर आहे, म्हणून आधीच पान्हा आला. डॉक्टरांना फोनसुद्धा केला नाही.

चार दिवसांनी पहाटे पागेत दोन पिल्लं पडलेली होती. एक जवळजवळ पुरं झालेलं, अंगावर बारीक मऊ लव, खुरांच्या टोकांना पिवळसर मऊ टोप्या, पोटात आईला इजा होऊ नये म्हणून असतात त्या. दुसरं त्याच्या निम्म्याहून लहान, कातडीवर केस नाहीत, आणि ते बरेच दिवस आधी मेलेलं असावं. घोडी त्यांच्याजवळ उभी होती आणि मोठ्याला हुंगत होती.

डॉक्टर आले. त्यांनी वार गोणपाटावर पसरली आणि मला जवळ बसवून दाखवली. घोडीच्या वारेचा पृष्ठभाग मखमलीसारखा असतो. त्यावरच्या बारीक केसाळ टोकांनी ती गर्भाशयाच्या सबंध भिंतीला चिकटते. गाईच्या वारेला ठरावीक जागी गाठी असतात, घोडीला तशा नसतात. तिच्या एका पिल्लाला सबंध भिंत लागते. दोन असली की भिंत वाटली जाते. त्या गोणपाटावर मोठ्याच्या वाट्याला आलेला भाग आणि लहानाच्या वाट्याला आलेला तुकडा स्पष्ट दिसत होते, आणि जिथे दोन वारा एकमेकींना टेकल्या होत्या तिथे मखमल नव्हतीच. गुळगुळीत, फिकट पट्टा होता. लहान पिल्लू आत उपाशी मेलं आणि जाताना दुसऱ्यालाही घेऊन गेलं. आठव्या महिन्यातलं ते दूध म्हणजे याचाच इशारा होता.

भरवल्यानंतर चौदा ते सोळा दिवसांत सोनोग्राफी केली असती तर दोन काळे ठिपके दिसले असते. त्या वयात गर्भ एका जागी नसतो, सगळ्या गर्भाशयात फिरत असतो. सोळाव्या दिवसाच्या सुमारास तो एका ठिकाणी बसतो. तोवर डॉक्टर हाताने दोघांना वेगळं करून एकाला चिमटून काढू शकतात, आणि दुसरा बहुतेक वेळा नीट वाढतो. पुढे ढकललं की हे अवघड होत जातं. पस्तिसाव्या दिवसाच्या पुढे गर्भाशयात विशिष्ट पेशींची वर्तुळं तयार होतात आणि आपलं संप्रेरक रक्तात सोडू लागतात. त्यानंतर गर्भ गेला तरी ती वर्तुळं काम करत राहतात, आणि घोडी तीन-चार महिने धड माजावर येत नाही. म्हणजे माजावर न येणारी घोडी गाभण असेलच असं नाही. आमची होती, पण मी तिच्या पोटात डोकावायचं टाळलं. गाईला जुळं झालं की गावात पेढे वाटतात. घोडीचं जुळं वेळेत कळलं नाही तर बहुतेक वेळा असंच संपतं.

त्यानंतरच्या हंगामात सोनोग्राफी केली. एकच ठिपका होता. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा पाहिलं तेव्हा त्यात हृदयाची लुकलुक दिसली.

घोडीची मुदत सरासरी 340 दिवसांची, पण 320 ते 365 पर्यंत कधीही ती व्यायला बसू शकते. आमची मुदतीच्या आसपास असताना सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब साकळले. एक-दोन दिवसांत व्यायची ती खूण. आम्ही पागेत मोठा दिवा लावला, भाऊबंद जमले, बोलणी सुरू झाली. घोडीला हे नको असतं. माणसं जागी आहेत तोवर ती कळा रोखून धरते. आम्ही पहाटेकडे चहाला घरात गेलो आणि परत येईपर्यंत शिंगरू जमिनीवर होतं. गाईच्या कळा तासन्‌तास चालतात. घोडीचं पाणी फुटलं की वीस-तीस मिनिटांत सगळं उरकतं. त्यात काही आडवं आलं असतं तर डॉक्टर येईपर्यंत वेळच नव्हता. शिवाय पांढऱ्या पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी पुढे आली तर ती तत्क्षणी कापावी लागते, नाहीतर पिल्लू आतच गुदमरतं, हे त्या रात्री जमलेल्या आम्हा कुणालाही ठाऊक नव्हतं.

शिंगरू तासाभराच्या आत उभं राहिलं. मादी, आईसारखीच कुमैत. सडाकडे तोंड घालू लागली तशी माझ्या चुलत्यांनी तिला बाजूला धरली. वार पडल्याशिवाय पाजायचं नाही. ही आमच्या घरची रीत. मी आडवा आलो नाही. आणि वार पडेना. ‘गाईची पडते दिवसभरात, थांबा,’ काका म्हणाले. थांबलो. ऊन चढलं तरी थांबलो.

घोडीची वार तीन तासांत पडलीच पाहिजे. नाही पडली तर तो तातडीचा आजार समजायचा. ओढायची नाही, पायाखाली येऊ नये म्हणून गाठ मारून वर बांधायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. डॉक्टर दुपारी आले, इंजेक्शन दिलं, गर्भाशय धुतलं. पण आत कुजायला सुरुवात झाली होती. तिसऱ्या दिवशी घोडी पुढचे पाय पुढे टाकून, भार टाचांवर घेऊन उभी राहिली. खुरांना हात लावला तर तापलेली, आणि खुरांच्या वर शीर ठोके देत होती. गर्भाशयातलं विष खुरांत उतरतं. आमच्या गाईंमध्ये असं काही मी कधी पाहिलं नव्हतं. बर्फाच्या पाण्यात पाय ठेवून, औषधं देऊन ती वाचली. कडक जमिनीवर मात्र अजून जपून पाय टाकते.

शिंगराचं आणखी वेगळं. त्याला आईकडून रोगांशी लढायची ताकद पोटात मिळत नाही. ती सगळी चिकातून येते. पहिल्या सहा-आठ तासांत आतडी ती भरभरून घेतात, दिवसभराने दार मिटतं. आमच्या पिल्लाला चीक दुपारनंतर मिळाला. आठवड्याच्या आत तिचा एक गुडघा सुजला, नाळेतून शिरलेलं दूषण सांध्यात गेलं होतं. ती उठायची, दोन पावलं टाकायची आणि पुन्हा बसायची. डॉक्टर रोज येत राहिले आणि ती बरी झाली, गुडघा थोडा जाड राहिला. त्या दिवसांत डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली जी पचायला जड गेली: वासरालाही चिकाची इतकीच निकड असते. म्हणजे वार पडेपर्यंत न पाजण्याची रीत गोठ्यातही चूकच होती. आमची जी वासरं हगवणीने गेली आणि ज्यांचं आम्ही नशीब म्हटलं, त्यांतली काही या रितीने गेली असणार. आबा आता नाहीत. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, पण नंतर व्यालेल्या म्हशीचं पारडू त्यांनी स्वतः सडाला लावलं.

घोडी व्याल्यावर सात ते दहा दिवसांत पुन्हा माजावर येते, आणि वार-गर्भाशय सगळं सुरळीत असेल तर त्या माजात भरवलेली घोडी गाभण राहूही शकते. घोड्याच्या मालकाचा नवव्या दिवशी फोन आला. मी नाही म्हटलं. ते वर्ष घोडीला मोकळं ठेवलं. पुढच्या हंगामाआधी तिच्या गर्भाशयातला नमुना तपासून घेतला, त्यात दूषण निघालं, उपचार झाले, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच चाचांच्या बांबूपाशी तिला पुन्हा नेलं.

पागेच्या दाराला आता एक वही टांगलेली असते. शेपटी कधी वर गेली, घोड्यासमोर कान कसे होते, कोणत्या तारखेला भरवली, कोणत्या तारखेला शेवटचं नाकारलं, कास कधी भरली, हे सगळं त्यात उतरतं. डॉक्टर आले की आधी ती वही मागतात. जाड गुडघ्याची शिंगी यंदा तीन वर्षांची होईल. तिला मागणी येते आहे, पण अंग भरेपर्यंत, चौथं लागेपर्यंत तिला भरवायची नाही. आणि भरवायची त्या दिवसापासून पंधराव्या दिवसाची सोनोग्राफीची वेळ आधी घ्यायची, मगच टेम्पो सांगायचा.